जुन्या पेंटबॉल मार्करची किंमत कशाने टिकते, कशाने उतरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा मार्कर घेतला की लगेच किती उतरतो?

मार्करची, म्हणजे वायूच्या दाबाने रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या पेंटबॉल बंदुकीची, सर्वात मोठी घसरण पहिल्याच दिवशी होते आणि तिचा झिजेशी काही संबंध नसतो. हवेचा टँक लावून एक हॉपर (गोळ्यांचा वरचा डबा) मारला की मार्कर 'वापरलेला' ठरतो. पुढच्या माणसाला कोरेपणा मिळत नाही, आणि वॉरंटीही अनेकदा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते. दुसरी घसरण त्याच मॉडेलची नवी आवृत्ती जाहीर होते तेव्हा येते. त्या आठवड्यात जुनी आवृत्ती विकायला काढणाऱ्यांची रांग लागते आणि सगळ्यांचेच भाव पडतात. त्यानंतर उतार संथ होतो आणि एका टप्प्यावर जवळजवळ थांबतो.

म्हणून स्पर्धेतला वरच्या दर्जाचा मार्कर एक पिढी जुना घेणे शहाणपणाचे. मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते.

कोणत्या प्रकारच्या मार्करची किंमत जास्त टिकते?

ब्रँडवरून उत्तर शोधू नका. दोन गोष्टी पाहा: याचे सुटे भाग आजही मिळतात का, आणि हा उघडून दुरुस्त करणारी माणसे किती आहेत. जुन्या बाजारातला खरेदीदार मार्कर विकत घेतोच, पण त्याहून जास्त तो 'हा उद्या बंद पडला तर माझे काय' या प्रश्नाचे उत्तर विकत घेत असतो.

शॉटच्या वायूनेच पुन्हा सज्ज होणारे साधे ब्लोबॅक मार्कर, म्हणजे टिपमन ९८ कस्टम किंवा ए-५ सारखे, मुळात स्वस्त असतात. त्यामुळे पैशात मोजले तर नुकसान थोडे होते. ते दणकट आहेत, भाग सगळीकडे मिळतात, पण बाजारात इतके पडलेले आहेत की त्यांना चढा भाव कधीच येत नाही.

इलेक्ट्रो-न्यूमॅटिक, म्हणजे बॅटरी आणि हवा दोन्हींवर चालणाऱ्या, मार्करचे गणित उलटे. नवीन असताना महाग, आणि आतले सोलेनॉइड (विजेने उघडणारी हवेची झडप), इलेक्ट्रॉनिक बोर्ड, डोळे (गोळी आली का ते पाहणारे सेन्सर) हे सगळे वय होणारे भाग. त्यातल्या त्यात स्पूल पद्धतीचे मार्कर (गोळी पुढे ढकलणारा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, स्वतःच हवा सोडतो असे) सांभाळायला सोपे, कारण बहुतेकांचा अख्खा बोल्ट मागून एका हाताने बाहेर येतो. पॉपेट पद्धतीचे (वेगळा व्हॉल्व्ह ठोकून हवा सोडणारे) हवा कमी खातात, पण त्यांत रॅम (हवेने सरकणारा पिस्टन), व्हॉल्व्ह आणि अनेकदा स्वतंत्र कमी दाबाचा रेग्युलेटर (दाब उतरवून स्थिर ठेवणारा भाग) असतो. समजणारा गिऱ्हाईक पॉपेटलाच पसंती देतो, नवखा बिचकतो.

विजेशिवाय चालणाऱ्या स्पूल मार्करना, उदाहरणार्थ प्लॅनेट इक्लिप्सच्या इमेकला, जुन्या बाजारात चांगली मागणी असते. बॅटरी नाही, बोर्ड नाही, सोलेनॉइड नाही, म्हणजे बिघडायला जागाच कमी. शिवाय त्याची गॅमा कोअर जातीची बोल्ट-रचना त्याच कंपनीच्या जीटेक घराण्यातही आहे, त्यामुळे भागांचा साठा मोठा आणि हात बसलेले लोक पुष्कळ.

पंप मार्कर, म्हणजे प्रत्येक शॉटआधी हाताने ओढून सज्ज करायचा, ही वेगळी जात. आत हलणारे भाग मोजके, झीज मंद. चांगल्या घडणीचा पंप कित्येक मालक बदलूनही फारसा खाली येत नाही.

कंपनी बंद पडली तर मार्कर भंगारात जातो का?

लगेच नाही. स्मार्ट पार्ट्स २०१० मध्ये बंद पडली. तिचा २००५ चा आयन स्वस्तातला इलेक्ट्रो म्हणून अफाट खपला होता, म्हणून आयन आजही सापडतो. पण त्याला भाव नाही: संख्या प्रचंड, प्लॅस्टिकचे कवच आणि आतल्या नळ्यांची कटकट. त्याच कंपनीचे जुने शॉकर मात्र शौकीन लोक जपतात.

कंपनी गेल्यावर आधी संपतात ते बोर्ड आणि सोलेनॉइड. ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, प्रमाणित मापाच्या असतात, त्या कुठेही मिळतात. स्क्रू मिळतात. बोल्ट लेथवर बनवूनही घेता येतो. पण खास त्या मार्करसाठी बनवलेले सोलेनॉइड गेले की मार्कर शोभेचा. असा मार्कर विकायचा असेल तर सोबत एक चालू जादा सोलेनॉइड द्या. कुठल्याही बाहेरच्या सजावटीपेक्षा ते जास्त किंमत आणते.

मी अपग्रेडवर बराच खर्च केला आहे. तो परत मिळेल ना?

नाही. हौसेला मोल नसते म्हणतात. जुन्या बाजारात ते शब्दशः खरे आहे, कारण तुमच्या हौसेचे मोल दुसरा कुणी देत नाही. वेगळा ट्रिगर, वेगळा ग्रीप, चमकदार फीडनेक (हॉपर बसतो ती मान) यांनी मार्कर लवकर विकला जाईल, पण महाग विकला जाणार नाही.

त्यातही फरक आहे. बॅरल किट (वेगवेगळ्या मापांच्या नळ्यांचा संच) वेगळे विकले तर चांगले पैसे येतात, विशेषतः ऑटोकॉकर या जुन्या मार्करच्या आट्याचे, कारण तो आटा सर्वाधिक मार्करवर बसतो. म्हणून मार्करसोबत मूळ बॅरल द्या आणि किट वेगळे विका. बदललेला बोर्ड मात्र दुधारी आहे. नामांकित बनावटीचा असेल तर काहींना हवा असतो, पण वायर कापून डाग दिलेला दिसला की बहुतेक लोक मागे फिरतात.

कुठलाही भाग बदलताना मूळ भाग जपून ठेवा. मूळ ट्रिगर, मूळ बोर्ड, मूळ बोल्ट पिशवीत घालून सोबत दिले की खरेदीदाराला हवे तर मार्कर पूर्वस्थितीत नेता येतो. आणि जो भाग परत जागेवर येऊच शकत नाही, म्हणजे घासलेले अंग, पाडलेले भोक, कोरलेले नाव, तो बदल किंमत वाढवत नाही. ती निश्चित घटवतो.

रंगामुळे खरेच फरक पडतो?

पडतो. काळा, करडा आणि शांत दुरंगी मार्कर पटकन जातात. भडक रंगाला गिऱ्हाईक कमी, पण ज्याला नेमका तोच हवा असतो तो घासाघीस करत नाही. संघासाठी किंवा दुकानासाठी मर्यादित संख्येत काढलेले अंग संग्राहकांना हवे असते, पण ओळखता आले तरच. खरेपणाचा पुरावा, म्हणजे खोका, पावती, जुळणारा क्रमांक, नसेल तर तो नुसताच वेगळ्या रंगाचा मार्कर.

फिनिशही महत्त्वाचे. चकचकीत ॲनोडायझिंगवर (ॲल्युमिनियमवरच्या रंगीत संरक्षक थरावर) केसाएवढा ओरखडा दिसतो, मॅट डस्ट फिनिश बरेच झाकून घेते. चीर खोल जाऊन खालचे पांढुरके ॲल्युमिनियम दिसू लागले की ती पुसून जात नाही.

पुन्हा ॲनोडायझिंग करून घ्यावे का? विक्रीसाठी म्हणून नको. त्यासाठी जुना थर रसायनाने काढतात आणि त्यात धातूचा पातळ पदरही जातो. बोल्ट सरकतो त्या पृष्ठभागाचे किंवा आट्याचे माप बदलले तर गळती आणि ढिलेपणा येतो. संग्राह्य मार्करवर तर हे पापच.

विकण्यापूर्वी सर्व्हिस कशी करावी?

तासाभराचे काम आहे, पण किंमत ठरवणारे. क्रम असा ठेवा.

आधी हॉपर काढा, टँक काढा, मग मार्कर सुरक्षित दिशेला धरून आतली हवा पूर्ण सोडा. दाब असताना बोल्ट उघडायला गेलात तर तो बंदुकीच्या गोळीसारखा मागे येतो.

बोल्ट बाहेर काढा आणि जुने ग्रीस कापडाने पुसा. पेंटबॉलचे कवच जिलेटिनचे आणि आतला पेंट मुख्यतः पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा, दोन्ही पाण्यात विरघळतात. कोमट पाण्याने ओलसर केलेले कापड आणि कापूसकाडी पुरते. धातूचे नुसते अंग धुवायचे असेल तर बोर्ड, सोलेनॉइड आणि बॅटरी बाहेर काढूनच. घासणीचे तीव्र क्षार असलेले द्रव, ब्लीच वगैरे वापरू नका, ते ॲनोडायझिंगच खातात. गंज काढणारा फवारा मारणारे कमी नाहीत. त्यातल्या पेट्रोलियम द्रावणाने ओ-रिंग फुगू शकतात आणि डोळ्यांची प्लॅस्टिकची झाकणे तडकू शकतात.

ओ-रिंग एकेक करून पाहा. सपाट झालेली, चिरलेली, कडक पडलेली बदला. बोटात दाबून सोडली की गोल व्हायला हवी. माप उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या, अंदाजाने नाही. ०१४ च्या जागी ०१५ बसल्यासारखी वाटते आणि तिसऱ्या शॉटला कापली जाते. टँक बसतो तिथली ओ-रिंग सामान्यतः ०१५ असते. तिथे नायट्राइलपेक्षा पॉलियुरेथेनची घाला, जास्त टिकते.

सिंथेटिक ग्रीस पातळ लावा. ओ-रिंग ओलसर चमकली पाहिजे, ग्रीसचा ढीग दिसता कामा नये. जादा ग्रीस पुढे सरकून डोळ्यांवर आणि बॅरलमध्ये जाते. रेग्युलेटर आणि बोल्टसाठी उत्पादक सांगेल तेच ग्रीस. तेलावर चालणाऱ्या ब्लोबॅकला तेल, ग्रीसवाल्याला ग्रीस.

डिटेंट (गोळी जागेवर अडवून धरणारे छोटे भाग) तपासा. झिजले की एका शॉटला दोन गोळ्या पुढे जातात आणि मग फुटतात. ते मोजक्या पैशांत मिळतात, तेव्हा जुने ठेवू नका.

शेवटी स्क्रू. षटकोनी खाच गोल झालेला एक स्क्रूदेखील खरेदीदाराला सांगतो की मागच्या मालकाने चुकीच्या मापाचा पाना घुसवला. काही मार्करना इंची माप लागते, काहींना मिलिमीटर. जवळपासचे चालवू नका. स्क्रू बदलून टाका, पाचच मिनिटांचे काम आहे.

चाचणी कशी दाखवायची, म्हणजे खरेदीदाराची खात्री पटेल?

क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सलग दहा शॉटचा व्हिडिओ सर्वांत चांगला. बहुतेक मैदानांवर मर्यादा सेकंदाला २८० ते ३०० फूट असते, तेव्हा मार्कर २८० च्या आसपास लावून दाखवा. नीट सांभाळलेल्या मार्करमध्ये शॉट-शॉटमधला फरक प्रत्येक बाजूला पाचेक फुटांचा असतो. फरक मोठा असेल तर आधी गोळ्यांचे माप बॅरलशी जुळते का पाहा, दोष नेहमी मार्करचाच नसतो.

खरा पारखी पाच मिनिटे थांबून पहिला शॉट बघतो. थांबल्यानंतरचा पहिला शॉट मंद आला तर ओ-रिंग कोरड्या आहेत, बोल्ट चिकटतो आहे. उलट, पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा वेगवान आला तर रेग्युलेटरची सीट (हवा बंद करणारे सील) गेली आहे: थांबलेल्या वेळेत दाब चोरपावलांनी वर चढत राहतो. पहिला दोष ग्रीसने जातो. दुसऱ्यासाठी सीट बदलावी लागते आणि मैदानावर ती सुरक्षेची बाब असते, कारण तो शॉट मर्यादेपलीकडे जाऊ शकतो.

मार्कर गळतो. किती किंमत कमी करू?

आधी कुठून गळतो ते शोधा. 'थोडीशी गळती' लिहिले की खरेदीदार सगळ्यात महागडा दोष गृहीत धरतो.

बॅरलमधून हवा येत असेल तर स्पूल मार्करमध्ये बोल्टची ओ-रिंग, पॉपेटमध्ये व्हॉल्व्हचे सील. दोन्ही स्वस्त. रेग्युलेटरच्या छोट्या छिद्रातून येत असेल तर पिस्टनची ओ-रिंग, तीही स्वस्त. टँकच्या जोडाजवळून येत असेल तर टँकची ओ-रिंग, सर्वात स्वस्त.

ग्रीपमधून आवाज आला की थांबा. नळी सुटली असेल तर ती ढकलून बसवली की काम झाले. नाहीतर सोलेनॉइड किंवा त्याचे गॅस्केट, आणि तिथे खर्च खरा. ग्रीपची गळती दुरुस्त न करता विकायची असेल तर नव्या सोलेनॉइडची पूर्ण किंमत वजा करा, वर थोडी मजुरीची सूट.

साबणाच्या पाण्याचा एक थेंब कुठली फट ते सांगतो. फक्त तो बोर्डाजवळ नेऊ नका.

सीओटूवर (कार्बन डायऑक्साइडवर) चालवलेल्या मार्करला भाव येतो का?

सीओटूसाठीच बनवलेल्या ब्लोबॅक किंवा पंपाला येतो. २१ अंश सेल्सिअसला सीओटूच्या टँकमध्ये सुमारे ८५० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब असतो आणि तापमानाबरोबर तो वरखाली होतो. सपाट्याने फायर केले की द्रव सीओटू मार्करमध्ये शिरतो, सील गोठून कडक होतात, सोलेनॉइड मरतात. इलेक्ट्रो मार्करवर सीओटू लावला होता असे कळले तर अनुभवी माणूस तो नाकारतो. तुम्ही फक्त हवेवर चालवला असेल तर जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहा.

टँक सोबत द्यावा की वेगळा विकावा?

टँकवरची तारीख वाचा, मगच ठरवा. अमेरिकन परिवहन खात्याच्या (डीओटी) मान्यतेच्या टँकला दर पाच वर्षांनी हायड्रो, म्हणजे पाण्याच्या दाबाची, चाचणी लागते, आणि बहुतेक कार्बन फायबर टँकचे आयुष्य निर्मितीपासून १५ वर्षे. नंतर चाचणी करूनही ते भरून मिळत नाहीत. ३००० पीएसआयचे ॲल्युमिनियमचे टँक चाचणीत पास होत राहिले तर चालतात, पण जड असतात आणि हवा कमी मावते. इतर देशांत नियम आणि शिक्के वेगळे, तेव्हा जिथे भरायचा आहे तिथले नियम लागू.

चाचणीची मुदत संपलेला ४५०० पीएसआयचा टँक मार्करसोबत दिल्याने किंमत वाढत नाही, उलट घेणाऱ्याला संशय येतो की मार्करही तितकीच वर्षे पडून होता. मुदत ताजी असेल तर वेगळा विका.

शॉट किती झाले हे विचारतात. काय सांगू?

काही बोर्डांवर शॉट मोजणी असते, पण बोर्ड बदलला की आकडा जातो. म्हणून त्या आकड्यावर फार भर देऊ नका. देखभाल केलेला, खूप चाललेला मार्कर हा कपाटात तीन वर्षे हवा भरून ठेवलेल्यापेक्षा चांगला. पडून राहिल्याने ग्रीस घट्ट होते, ओ-रिंग एका बाजूला बसतात, आणि आत विसरलेली ९ व्होल्टची बॅटरी फुटून बोर्डाचे टोक हिरवे करते. हिरवी जळमटे दिसली की किंमत निम्म्यावर येते, मग बाकी सगळे कितीही चकाचक असो. मार्कर महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी काढा.

विकण्यापूर्वी बोर्ड फॅक्टरी सेटिंगवर आणा. ड्वेल (प्रत्येक शॉटला सोलेनॉइड उघडे राहण्याचा वेळ) कारखान्याच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त ठेवलेला दिसला की जाणकार समजतो: बोल्ट जड चालतो आहे आणि ते झाकलेले आहे.

खोका, मॅन्युअल, सुट्या ओ-रिंग यांना काही किंमत?

आहे, आणि खर्च न करता मिळणारी. मूळ केस, मॅन्युअल, ॲलन की आणि सुट्या भागांची डबी असेल तर मार्कर 'पूर्ण' ठरतो. विकत घेताच खोका फेकणारे पुढे पस्तावतात.

जुने मार्कर खरेच महाग होतात का?

मोजकेच. १९८१ साली न्यू हॅम्पशायरमध्ये पहिला सामना खेळला गेला तो झाडे आणि गुरे खुणावण्यासाठी बनवलेल्या नेलस्पॉट ००७ ने, आणि तो आज संग्राहकांची वस्तू आहे. बड ऑर यांचा ऑटोकॉकर, एअरगन डिझाइन्सचा ऑटोमॅग, डब्ल्यूडीपीचा एंजल यांचेही चाहते आहेत. ऑटोकॉकरचे टायमिंग लावणे, म्हणजे रॅम, थ्री-वे (हवेची दिशा बदलणारी झडप) आणि हॅमर (व्हॉल्व्ह ठोकणारा भाग) यांचा क्रम जुळवणे, ही कला आहे. टायमिंग लागलेला, चालू स्थितीतला नग आणि डब्यातल्या भागांचा ढीग यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ऑटोमॅगला लेव्हल १० बोल्ट लागलेला असेल तर सांगा, तो गोळी फोडत नाही म्हणून मागितला जातो.

इथे नियम उलटा होतो: मूळ रंग, मूळ ग्रीप, मूळ बॅरल, वापराच्या खुणाही चालतात. चकाचक करून मूळपण घालवले तर तेलही गेले, तूपही गेले. आणि एक सावधगिरी. 'जुना म्हणजे महाग' हा गैरसमज आहे. जे हजारोंनी विकले गेले आणि कुणाला आवडले नाहीत, ते जुने झाल्यावरही कुणाला आवडत नाहीत.

मैदानाचे भाड्याचे मार्कर घ्यावेत का?

ब्लोबॅक असेल, भाव फार कमी असेल आणि तुम्हाला उघडता येत असेल तर हो. बॅरलचा आटा आणि फीडनेकचा जोड आधी पाहा. रोजच्या काढघालीने ते ढिले होतात आणि सहज दुरुस्त होत नाहीत.

किंमत ठरवायची कशी?

लोक काय मागतात ते बघू नका, कशाला विकले गेले ते बघा. मागितलेले आकडे महिनोन् महिने तसेच पडून असतात. त्याच मॉडेलचे, शक्यतो त्याच स्थितीतले तीन-चार झालेले व्यवहार शोधा, मधला आकडा धरा, त्यातून न केलेल्या दुरुस्तीचा खर्च वजा करा. हंगामाच्या सुरुवातीला मागणी असते, शेवटी सगळेच विकायला काढतात. दोन आठवड्यांत एकही चौकशी आली नाही तर किंमत चुकली आहे. भरपूर चौकशा येऊन कुणी घेत नसेल तर फोटो किंवा वर्णन चुकले आहे.

फोटो दोन्ही बाजूंनी, ब्रीचच्या (गोळी येऊन बसते त्या जागेच्या) आतला, क्रमांकाचा आणि प्रत्येक ओरखड्याचा जवळून. ओरखडा लपवला तर पार्सल उघडताच भांडण.

पाठवताना काय काळजी घ्यावी?

टँक वेगळा आणि रिकामा. दाबाची बाटली कुरिअरने चालत नाही. विमानाने पाठवायचा असेल तर बहुधा रेग्युलेटर काढून आतला भाग दिसेल असा ठेवावा लागतो, आणि रेग्युलेटर जाणकार माणसाकडूनच काढून घ्या. मार्करमधली हवा सोडा, बॅटरी काढा, बॅरल उतरवा. बॅरल लावून पाठवलेला मार्कर पडला की सगळा धक्का आट्यावर येतो. पार्सलवर बंदूक असे लिहू नका, 'पेंटबॉल मार्कर' असेच लिहा, आणि जिथे पाठवायचा तिथे तो चालतो का हे पैसे घेण्याआधी विचारून घ्या.